रोगाची खबर आणि तिचा खर्च

सन २०२० च्या मे महिन्यांत अमरावती, वर्धा व नागपूर या जिल्ह्यांवर टोळधाड आली, ती आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांस आठवत असेल. संत्र्याच्या बागांवर व भाजीपाल्यावर टोळ उतरले, आणि रात्रीं ते बसतील त्या ठिकाणीं औषध फवारण्यासाठीं कृषिखात्याची व शेतकऱ्यांची एकच धांवपळ उडाली. तथापि त्या संकटांत एक गोष्ट आपल्या बाजूची होती. टोळांचे थवे राजस्थानांत व मध्य प्रदेशांत कोठें आहेत व कोणत्या दिशेस वळले आहेत, याची बातमी देशभर फिरत होती. शत्रु अंगणांत येईपर्यंत तो कोण हें कळूं नये, अशी आपली अवस्था नव्हती.

ही बातमी फुकट मिळालेली नव्हती. टोळांवर पाळत ठेवणारें एक स्वतंत्र खातें या देशांत सन १९३९ पासून चालू आहे. सन १९६२ नंतर जुन्या काळासारखें टोळांचें पूर्ण चक्र आपल्याकडे आलें नाहीं. मधूनमधून थवे आले. परंतु पुष्कळ वर्षें अशीं गेलीं कीं, त्या खात्याच्या माणसांनीं वाळवंटांत हिंडावें आणि टोळ आढळले नाहींत एवढेंच लिहून पाठवावें. त्या रिकाम्या अहवालांसाठीं सरकारनें वर्षानुवर्षें पगार दिले व गाड्या राखल्या. हा खर्च व्यर्थ गेला असें २०२० सालानंतर कोणी जाणता शेतकरी म्हणणार नाहीं.

पिकाच्या शत्रूबद्दल जी गोष्ट आपल्याला सहज पटते, ती माणसांच्या व गुरांच्या सांथींबद्दल मात्र अजून तितकीशी पटलेली दिसत नाहीं. दवाखान्याची इमारत मागण्यासाठीं गांवकरी मोर्चा नेतात. तापाची नोंद ठेवणाऱ्या माणसाची जागा भरा म्हणून कोणी अर्ज करीत नाहीं. या लेखांत सांगावयाचें तें इतकेंच कीं, रोगाची खबर हेंहि एक पीक आहे. तें आपोआप उगवत नाहीं. त्याला दरवर्षीं पाणी द्यावें लागतें, आणि तें पाणी म्हणजे सांथ नसलेल्या वर्षींहि न तुटणारा पैसा होय.

माकडतापाचा धडा

उदाहरण आपल्याच सह्याद्रींतील घेऊं. सन १९५७ सालीं त्या वेळच्या म्हैसूर राज्यांतील शिमोगा जिल्ह्यांत, क्यासनूर नांवाच्या रानांत, माकडें मरून पडूं लागलीं. पाठोपाठ रानालगतच्या गांवांतील लोक तापानें आजारी पडूं लागले. माकडें मरत आहेत त्याअर्थीं आफ्रिका व अमेरिका या खंडांतील पीतज्वर तर आपल्या देशांत शिरला नाहीं ना, अशी शंका तज्ज्ञांस आली. कारण तोहि रोग माकडांस मारतो. पुण्यास १९५२ सालीं स्थापन झालेल्या विषाणु संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ तेथें गेले. मेलेल्या माकडांचे व रोग्यांचे नमुने तपासून हा रोग निराळाच, तोंपर्यंत जगास अज्ञात असलेला आहे, असें त्यांनीं ठरविलें. रोगास त्या रानाचें नांव मिळालें. आपल्या लोकांनीं त्यास माकडताप हें सोपें नांव दिलें.

या रोगाचा विषाणु गोचिडांत राहतो. माकड मेलें म्हणजे त्याच्या अंगावरील गोचीड खालीं पाचोळ्यांत उतरतात, आणि ती जागा कांहीं काळ धोक्याची होऊन बसते. मग सरपणासाठीं, पातेरा गोळा करण्यासाठीं किंवा काजू वेंचण्यासाठीं जो तेथें जाईल, त्यास ते चावतात. बारीक, डोळ्यांस जेमतेम दिसणारे गोचीड यांत अधिक घातक असतात. रानांत चरावयास जाणारीं गुरें या रोगानें आजारी पडत नाहींत. परंतु त्यांच्या रक्तावर गोचिडांची संख्या वाढते. एका माणसापासून दुसऱ्यास हा ताप होत नाहीं. त्याचा हंगाम साधारणतः डिसेंबरपासून मे-जूनपर्यंतचा, म्हणजे नेमका काजूचा व रानांतील कामाचा हंगाम होय.

रोग्यास एकाएकीं जोराचा ताप येतो, डोकें व अंग असह्य दुखतें, विलक्षण थकवा येतो. कांहीं जणांस नाकावाटे व हिरड्यांतून रक्त जातें. शंभर रोग्यांपैकीं तीन ते पांच दगावतात. या रोगावर नेमकें असें औषध नाहीं. कर्नाटकांत पुष्कळ वर्षें टोंचली जात असलेली जुनी लस अपुरी ठरली व तिचा वापर बंद पडला.

कित्येक दशकें हा ताप मुख्यतः कर्नाटकाच्या त्याच टापूंत घुटमळत होता. पुढें तो सह्याद्रीच्या रांगेनें दक्षिणेस व उत्तरेस आढळूं लागला. दक्षिणेस केरळांतील वायनाड जिल्ह्यांत, आणि उत्तरेस २०१५ सालीं गोव्याच्या सत्तरी तालुक्यांत व २०१६ सालीं सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यांत केर या गांवीं त्याची सांथ आली. शिमोग्याच्या रानांतील गोष्ट येणेंप्रमाणें महाराष्ट्राच्या काजूबागायतदाराच्या उंबरठ्यावर येऊन ठेपली.

औषध नाहीं व भरंवशाची लस नाहीं, तर मग हातांत राहतें काय? हातांत राहते ती खबर. मेलेलें माकड ही निसर्गानें वाजविलेली धोक्याची घंटा आहे. ती वेळेवर ऐकूं आली तर मेलेल्या माकडाभोंवतालच्या जागेंत कीटकनाशक भुकटी टाकतां येते, लोकांस त्या बाजूस जाण्यापासून परावृत्त करतां येतें, जाणें भागच असेल त्यांस गोचीड दूर ठेवणारें तेल अंगास लावण्यास देतां येतें, आणि ताप आलेल्या माणसाचें रक्त लगेच तपासावयास पाठवितां येतें. ती ऐकूं आली नाहीं तर पहिली बातमी माकडाची नसून माणसाची असते.

एका खबरेचा प्रवास

आतां ही खबर कशी चालते हें नीट पाहूं. म्हणजे तिला पैसा कोठें लागतो हें आपोआप ध्यानांत येईल. समजा, सोमवारीं सकाळीं एका शेतकऱ्यास आपल्या काजूच्या बागेच्या कडेला मेलेलें माकड दिसलें. त्यानें तें आशा सेविकेस सांगितलें. तिनें उपकेंद्रांतील आरोग्यसेवकास, त्यानें प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांस कळविलें. डॉक्टरांनीं तालुक्यास व जिल्ह्यास वर्दी दिली. पशुसंवर्धन व वन या खात्यांस सांगितलें. माणसें आलीं, जागेची पाहणी झाली, नमुने घेतले गेले, बर्फाच्या पेटींत घालून प्रयोगशाळेस रवाना झाले. तेथून उत्तर आलें. तें जिल्ह्यास, तालुक्यास व शेवटीं त्या गांवास पोंचलें. हें सारें चार दिवसांत झालें तर ती व्यवस्था जिवंत आहे असें समजावें.

या सांखळीची एकेक कडी मोजा. आशा सेविका ही पगारी नोकर नव्हे. ती मानधनावर व कामागणिक मिळणाऱ्या मोबदल्यावर काम करते. तिचें मानधन तीन तीन महिने अडून राहिलें तर रानाकडेची बातमी आणण्यास तिनें कोणत्या तोंडानें जावें? आरोग्यसेवकाची जागा रिकामी असेल तर तिची वर्दी घेणार कोण? गाडी आहे पण इंधनास पैसे नाहींत, पेटी आहे पण बर्फ नाहीं, यंत्र आहे पण त्यांत घालावयाचें रसायन संपलें आहे, संगणक आहे पण भरणारा माणूस कंत्राट संपल्यामुळें घरीं बसला आहे, यांपैकीं एकहि गोष्ट घडली कीं सांखळी तेथेंच तुटते. आणि तुटलेल्या सांखळीचा विशेष हा कीं, ती तुटली आहे हें कोणास दिसत नाहीं. पूल पडला तर गांव ओरडतें. खबर न आल्यास तालुक्याच्या कागदावर सर्व कांहीं ठीक आहे असेंच दिसतें.

उलट सांखळी शाबूत असली म्हणजे काय होतें याचें उदाहरण पुणें जिल्ह्यांत घडलें आहे. जुलै २०२१ मध्यें पुरंदर तालुक्यांतील बेलसर या गांवीं तापाचे रोगी वाढले. कोरोनाची सांथ चालू असतांनाहि स्थानिक आरोग्य केंद्रानें हा ताप निराळा असावा म्हणून नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे पाठविले. हीच संस्था म्हणजे पूर्वींचें विषाणु संशोधन केंद्र होय. बहुतेक नमुन्यांत चिकुनगुनिया निघाला. आणि त्याच तपासणींत महाराष्ट्रांतील झिका रोगाचा पहिला रुग्ण उघडकीस आला. मोठ्या शहराच्या मोठ्या इस्पितळांत जी गोष्ट पहिल्यानें सांपडावी असें वाटतें, ती एका खेड्यांत सांपडली, कारण तेथें कोणी तरी नोंद ठेवली, शंका घेतली व नमुना धाडला.

खबर नसल्याची किंमत

खबरेचा खर्च वांचविला तर तो पैसा शिल्लक राहतो असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. तो पैसा पुढें व्याजासकट द्यावा लागतो. ऑगस्ट-सप्टेंबर १९९४ मध्यें बीड जिल्ह्यांतील मामला या गांवीं गांठीच्या प्लेगचे रोगी आढळले, आणि थोड्याच दिवसांनीं सुरत शहरांत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली. रोग नक्की कोणता, रोगी किती, तो कोठवर पोंचला, यांचें खात्रीचें उत्तर वेळेवर देईल अशी व्यवस्था देशांत नव्हती. अशा वेळीं रिकामी जागा अफवेनें भरते. लाखों लोक सुरत सोडून गेले. कित्येक देशांनीं भारताकडील विमानें थांबविलीं, कांहींनीं आपला माल घेण्याचें नाकारलें. सुरतेंत मृत्यु पडले ते पन्नासांच्या आसपास; परंतु व्यापाराचें नुकसान अब्जावधि रुपयांचें झालें. निदानाबद्दलचा वाद तर तज्ज्ञांत पुढें कित्येक महिने चालूच होता.

शेतकऱ्यानें यांतून घ्यावयाचा बोध असा कीं, रोग ज्याच्या घरीं येतो त्याचेंच नुकसान होतें असें नाहीं. बाजार बंद पडला, गाडी अडली, परदेशीं जाणारा माल बंदरावर कुजला, म्हणजे ज्याच्या गांवीं एकहि रोगी नाहीं त्याच्याहि खिशास झळ लागते. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला, तेव्हां शेंकडों कोस दूर असलेल्या कुक्कुटपालकांचाहि माल पडून राहिला. रोग अमुक वर्तुळांत आहे व त्याबाहेर नाहीं, असें छातीठोकपणें सांगतां येणें हीच अशा वेळीं बाजाराची खरी हमी असते. आणि असें सांगण्यास रोज ठेवलेली नोंद लागते. ती ऐन वेळीं निर्माण करतां येत नाहीं. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपल्याला निराळें सांगावयास नको.

लोक खबर कां लपवितात

पैशाचा विचार करतांना एक गोष्ट विसरूं नये. खबर देणाऱ्यास खबर दिल्याबद्दल शिक्षा होत असेल, तर कितीहि मोठी कचेरी उभारली तरी ती रिकामीच राहील. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनीं प्लेगचा रोग ओळखला. पुढच्याच वर्षीं फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा झाला, व पुण्यांत सोल्जरांकडून घरोघर झडत्या सुरू झाल्या. माणसांस ओढून नेणें, सामान जाळणें, देवघरांत शिरणें, या गोष्टींमुळें लोक रोगी लपवूं लागले. जी माहिती प्लेग थांबविण्यास हवी होती, ती जुलमानें पळवून लावली. त्या वेळीं झालेल्या रक्तपाताचा इतिहास वाचकांस ठाऊकच आहे.

हाच न्याय गुरांच्या बाबतींतहि लागतो. प्राण्यांच्या सांसर्गिक रोगांसंबंधींच्या सन २००९ च्या कायद्याप्रमाणें रोगाचा संशय येतांच मालकानें ग्रामाधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस कळविलें पाहिजे असें बंधन आहे. परंतु नुसत्या बंधनानें काम होत नाहीं. ज्याच्या कोंबड्या सांगितल्याबरोबर मारल्या जाणार आणि भरपाई मात्र वर्षभर न मिळणार, तो रात्रींच खड्डा खणून त्या पुरेल किंवा मिळेल त्या भावानें विकून टाकील. सन २०२२ मध्यें लम्पी रोगानें मेलेल्या जनावरांबद्दल महाराष्ट्र सरकारनें दुभत्या गाईमागें ३० हजार, ओढकामाच्या बैलामागें २५ हजार व वासरामागें १६ हजार रुपये साहाय्य जाहीर केलें. या रकमेकडे केवळ दयाधर्म म्हणून पाहूं नये. ती खबरेची किंमत आहे, आणि म्हणूनच ती वेळेवर पोंचणें हें रोगनियंत्रणाचेंच एक अंग आहे.

नियमित शोधानें केवढें मोठें काम होतें याचा दाखला बुळकांड्या रोगाचा आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळीं या रोगानें गोठेच्या गोठे ओस पाडले. लसीनें तो आटोक्यांत आला. परंतु तो समूळ गेला हें सिद्ध करण्यासाठीं शेवटीं लस थांबवून गांवोगांव शोध घ्यावा लागला. सन २००६ मध्यें भारत या रोगाच्या संसर्गापासून मुक्त ठरला, व २०११ सालीं सर्व जगांतून तो नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. माणसांतील पोलिओचेंहि तसेंच. पंधरा वर्षांखालील कोणत्याहि मुलाचा हातपाय एकाएकीं लुळा पडला कीं त्याची नोंद करावयाची व नमुना तपासावयाचा, असें जाळें देशभर १९९७ पासून विणलें गेलें. शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्यें आढळला, आणि मार्च २०१४ मध्यें देश पोलिओमुक्त ठरला. दोन्हीं ठिकाणीं लसीचें श्रेय सर्वांच्या तोंडीं आहे. शोध घेणाऱ्यांचें नांव कोणी घेत नाहीं.

आजची व्यवस्था व तिची तिजोरी

सुरतेच्या प्रसंगानंतर सरकारास जाग आली. सन १९९७ मध्यें सांसर्गिक रोगांच्या पाळतीचा एक राष्ट्रीय कार्यक्रम निघाला, व नोव्हेंबर २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यांत घेतलेल्या नऊ राज्यांत महाराष्ट्र होता. उपकेंद्रांतील सेविकेनें लक्षणें लिहावयाचीं, डॉक्टरनें संशयित निदान लिहावयाचें आणि प्रयोगशाळेनें खात्रीचें निदान लिहावयाचें, अशीं तीन प्रपत्रें दर आठवड्यास भरून जिल्ह्यास जावींत, अशी त्याची रचना होती. एप्रिल २०२१ पासून कागदाच्या जागीं संगणकावरील एकात्मिक आरोग्य माहिती मंच देशभर आला. पूर्वीं १८ रोगांची नोंद होत असे, ती ३३ रोगांची होऊं लागली. आणि आठवड्याची वाट न पाहतां खबर त्याच दिवशीं वर पोंचण्याची सोय झाली.

या कार्यक्रमाच्या पैशाचा इतिहास मननीय आहे. आरंभीं तो जागतिक बँकेच्या कर्जावर चालला. तें साहाय्य मार्च २०१२ मध्यें संपलें, आणि पुढें त्याचा भार केंद्र सरकारनें आपल्या तिजोरीवर घेतला. हें योग्यच झालें; कारण घरची राखण उसनवारीच्या पैशावर फार दिवस चालत नाहीं. कोरोनानंतर रकमाहि मोठ्या झाल्या. ऑक्टोबर २०२१ मध्यें सुरू झालेल्या आरोग्यविषयक पायाभूत योजनेस, पांच वर्षांकरितां, ६४,१८० कोटि रुपये ठरविण्यांत आले; जिल्ह्याजिल्ह्यांत प्रयोगशाळा व तालुक्यास सार्वजनिक आरोग्य पथक हीं तिचीं अंगें होतीं. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठीं स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यावर खर्चण्यास ७०,०५१ कोटि रुपयांची शिफारस केली. जनावरांच्या लाळ-खुरकूत व सांसर्गिक गर्भपात या रोगांसाठीं २०१९ मध्यें पांच वर्षांचा १३,३४३ कोटींचा कार्यक्रम निघाला. सांथींच्या पूर्वतयारीसाठीं २०२२ मध्यें स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय निधींतून भारताच्या पशुआरोग्य व्यवस्थेस अडीच कोटि डॉलर मिळाले.

आंकडे मोठे आहेत. पण त्यांचा स्वभाव ओळखला पाहिजे. ते बहुधा योजनेचे आंकडे आहेत, आणि योजनेस मुदत असते. रोगास मुदत नसते. योजनेंतून इमारत होते, यंत्र येतें, त्यांचें उद्घाटन होतें. सातव्या वर्षीं त्या यंत्राची दुरुस्ती, त्यावर बसणाऱ्या माणसाचा पगार, नमुना नेणाऱ्या गाडीचें इंधन, हा खर्च कोणत्या खात्यांत पडावा हें कोणी ठरविलेलें नसतें. शेतकऱ्यास हें समजावयास कठीण नाहीं. अनुदानावर विहीर झाली, पंप बसला. पण विजेचें बिल व गाळ काढण्याची मजुरी दरसाल घरांतूनच द्यावी लागते. ती दिली नाहीं तर विहीर असून रान कोरडें.

सन २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणांत, सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत देशाच्या एकंदर उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यावा असें ठरलें होतें. सन २०२१-२२ मध्यें, म्हणजे कोरोनाच्या ऐन काळांतहि, तो १.८४ टक्के होता. आणि नोंदीची स्थिति अशी कीं, सन २०२० मध्यें देशांत नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकीं सुमारे २२.५ टक्के मृत्यूंचेंच कारण डॉक्टरनें प्रमाणित केलेलें होतें. उरलेल्या मृत्यूंची नोंद झाली, दाखला मिळाला, वारसाची नोंद लागली. पण माणूस कशानें गेला हें देशास कळलें नाहीं. ज्या शेतांतील चार वाफ्यांपैकीं तीन वाफ्यांचें पीक कशानें गेलें हें मालकास ठाऊक नाहीं, त्या शेताचा पुढचा हंगाम कसा असेल, हें वाचकांनींच ठरवावें.

आपण काय करावें

हें काम सरकारचें आहे हें खरें. परंतु सरकारनें तें करावें म्हणून मागणी करणें व त्याची पहिली कडी सांभाळणें हें आपलें आहे. त्या दृष्टीनें पुढील गोष्टी प्रत्येक गांवीं करण्यासारख्या आहेत.

(१) ग्रामसभेंत वर्षांतून दोनदां, एकदां पावसाळ्यापूर्वीं व एकदां हिंवाळ्याच्या तोंडीं, आरोग्य केंद्राकडून गांवच्या तापाचा, जुलाबाचा व मृत्यूंचा हिशेब वाचून घ्यावा. पंचायतीच्या जमाखर्चासारखाच हाहि हिशेब आहे.

(२) उपकेंद्रांतील व पशुवैद्यकीय दवाखान्यांतील रिकाम्या जागांबद्दल ठराव करून तो तालुक्यास व जिल्हा परिषदेस पाठवावा. इमारतीची मागणी करतांना तींत बसणाऱ्या माणसाची मागणी त्याच कागदावर असावी.

(३) ग्राम आरोग्य समितीस जो वार्षिक दहा हजार रुपयांपर्यंतचा अबंधित निधि मिळण्याची तरतूद आहे, तो मिळाला कीं नाहीं व कोठें खर्ची पडला, हें विचारावें. नमुना तालुक्यास पोंचविण्याचें भाडें यासारखे लहान पण अडून बसणारे खर्च त्यांतून भागविण्याचा विचार व्हावा.

(४) मेलेलें माकड, एकाएकीं मेलेल्या कोंबड्या किंवा कावळे, गाभण जनावरांचे लागोपाठ गर्भपात, एका वस्तींत एकाच आठवड्यांत तापाचे पांच-सहा रोगी, यांपैकीं कांहींहि दिसल्यास त्याच दिवशीं कळवावें. मेलेल्या जनावरास हात लावूं नये. गुरांच्या बाबतींत १९६२ या क्रमांकावर दूरध्वनि करतां येतो.

(५) घरांत मृत्यु झाल्यास त्याचें कारण शक्य तेथवर डॉक्टरकडून लिहवून घ्यावें. म्हातारपण किंवा ताप एवढें लिहून भागवूं नये.

(६) आपण वर पाठविलेल्या खबरेचें उत्तर खालीं मागावें. नमुना गेला, त्याचें काय झालें, हा प्रश्न दहा दिवसांनीं विचारण्याचा गांवास हक्क आहे. उत्तर येत नाहीं असें एकदां लोकांच्या अनुभवास आलें म्हणजे पुढें खबर देण्याची कोणास उमेद राहत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या गांवीं कांहींच झालें नाहीं, मग एवढी यातायात कशाला? ज्या वर्षीं चोरी झाली नाहीं त्या वर्षीं जागल्या निरुपयोगी होता, असें म्हणण्यासारखेंच तें आहे. टोळ आढळले नाहींत असें लिहिणारा माणूस वाळवंटांत हिंडत होता म्हणूनच टोळ आले त्या दिवशीं त्याचें लिहिणें कामास आलें. आजार आढळला नाहीं असें लिहिणारी सेविका जोंपर्यंत आपल्या पाड्यांत व वाडींत फिरते आहे, तिचा मोबदला वेळेवर मिळतो आहे, आणि तिच्या लिहिण्यास वरून उत्तर येत आहे, तोंपर्यंतच आपण सांथीपासून काहींसे निर्धास्त आहों. तिची फेरी थांबली तर त्याची वर्दी देण्यासहि कोणी उरणार नाहीं. म्हणून ती थांबूं न देणें हें आपल्या बांधबंदिस्तीइतकेंच आपलें स्वतःचें काम समजावें.